कार्यालयाची मोठी इमारत पर्यावरणाला सांभाळून कशी बांधावी: कोणता निर्णय आधी, कोणता नंतर

पुणे, नवी मुंबई, ठाणे आणि नागपूर या शहरांत कार्यालयांसाठी बांधल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या इमारतींच्या माहितीपत्रकात 'हरित इमारत' हे शब्द आता हमखास असतात. तरीही त्यांतील अनेक इमारतींचे आराखडे आधी नेहमीच्या पद्धतीने पूर्ण होतात आणि मग त्यांवर सौरपटले, एलईडी दिवे आणि पाणी वाचवणारे नळ चढवले जातात. हा क्रम उलटा आहे. इमारत किती वीज आणि किती पाणी खाणार याचा मोठा भाग पहिल्या काही नकाशांतच ठरून जातो, आणि नंतर कितीही महागडी यंत्रसामग्री बसवली तरी त्या नकाशातील चूक पूर्णपणे भरून निघत नाही. जागेचे मालक, वास्तुविशारद आणि प्रकल्प-व्यवस्थापक यांनी कोणत्या टप्प्यावर काय ठरवावे, हे पुढे त्याच क्रमाने मांडले आहे.

क्रमाला इतके महत्त्व का, हे एका साध्या हिशेबावरून कळते. दहा मजल्यांची, प्रत्येकी २,००० चौरस मीटर मजल्याची, म्हणजे एकूण २०,००० चौरस मीटरची इमारत घेऊ. ती वर्षाला चौरस मीटरमागे १०० युनिट वीज वापरते असे धरले, तर वर्षाची गरज २० लाख युनिट होते. गच्ची २,००० चौरस मीटरची असली तरी पाण्याच्या टाक्या, कूलिंग टॉवर (वातानुकूलनातील गरम पाणी वाऱ्यावर गार करणारी यंत्रे), लिफ्टची खोली आणि आगीच्या वेळी माणसांनी जमण्याची मोकळी जागा वगळता निम्मी गच्ची हाती लागते. एक किलोवॅट सौरपटलांना साधारण १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे १०० किलोवॅट बसतील. महाराष्ट्रात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. वर्षाचे उत्पादन १ लाख ४६ हजार युनिट झाले, म्हणजे गरजेच्या जेमतेम सात टक्के. उंच इमारतीला गच्चीवरची सौरवीज तारून नेऊ शकत नाही. गरज कमी करणे हेच पहिले काम आहे.

दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन हे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे कार्यालय २०१४ मध्ये सुरू झाले. वर्षभरात जितकी वीज वापरायची तितकी जागेवरच तयार करायची, हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यासाठी तेथे ९३० किलोवॅटची सौरपटले बसवली असून ती गच्चीच्या कडेबाहेरही पसरलेली आहेत. पण त्याआधी इमारतीच्या मधोमध मोठे अंगण ठेवून, उजेड आणि हवा खेळती राहील असा आराखडा करून विजेची मागणीच खाली आणलेली होती. या इमारतीतून शिकायचे असेल तर ते हे आहे.

जागा, तळघर आणि इमारतीचा आकार

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न असा की नवी इमारत खरोखर हवी आहे का. जागेवर जुनी इमारत असेल आणि तिचा आरसीसी सांगाडा सुस्थितीत असेल, तर संरचना अभियंत्याकडून तिची रीतसर तपासणी करून घ्यावी. इमारतीतील बहुतांश सिमेंट आणि पोलाद सांगाड्यातच असते, त्यामुळे सांगाडा ठेवून भिंती, खिडक्या आणि वातानुकूलन नवे करणे शक्य असेल, तर पर्यावरणाच्या दृष्टीने त्याला तोड नाही. मालकांना हा सल्ला सहसा रुचत नाही, कारण जुन्या इमारतीत वाढीव चटईक्षेत्र वापरता येत नाही. तरीही दोन्ही पर्यायांचा हिशेब कागदावर यायलाच हवा.

नवी जागा निवडताना रेल्वे किंवा मेट्रोच्या स्थानकापासून पायी जाता येईल अशी जागा थोडी महाग पडली तरी घ्यावी. हजारो माणसांनी रोज दुचाकी आणि मोटारीने यायचे ठरले की वाहनतळासाठी तळघरांवर तळघरे खणावी लागतात. पुण्याच्या काळ्या पाषाणात दुसरे-तिसरे तळघर खणणे म्हणजे ब्रेकर, डिझेल, बाजूची माती थोपवणारी जाड भिंत (रिटेनिंग वॉल), भूजल उपसणारे पंप आणि पुढची पन्नास वर्षे चालणारे पंखे व दिवे. नियमाप्रमाणे लागणारी वाहनतळाची जागा द्यावीच लागते, पण त्याहून अधिक जागा 'भाडेकरू मागतात' म्हणून देऊ नये.

आकार ठरवताना लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेकडे, अरुंद बाजू पूर्व आणि पश्चिमेकडे ठेवावी. खिडकीतून येणारा उजेड साधारणपणे खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच कामाचा राहतो. वरची कड पावणेतीन मीटरवर असेल, तर दोन्ही बाजूंनी सहा-सात मीटर आतपर्यंत दिवसा दिवे लावावे लागत नाहीत. म्हणून मजल्याची रुंदी १५ ते १८ मीटरच्या आत राहिली, तर मधल्या पट्ट्यात फक्त येण्याजाण्याची वाट, बैठकीच्या खोल्या आणि फायलींची कपाटे येतात. तीस-पस्तीस मीटर रुंद मजला भाड्याने द्यायला सोयीचा वाटतो, पण त्याच्या मध्यभागी बसणाऱ्या माणसाला भर दुपारीही दिव्याखाली काम करावे लागते. भूखंड चौकोनी असेल तर मधे अंगण काढून इमारतीचे दोन अरुंद पंख करावेत. जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे आणि विजेच्या डक्ट पश्चिमेच्या टोकाला न्याव्यात. दुपारचे ऊन मग या भिंती सोसतात आणि कामाच्या जागेपर्यंत पोहोचत नाही.

ऊन, छज्जा आणि काच

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चला भर दुपारी दक्षिणेचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेएकाहत्तर अंशांवर असतो, तर २१ डिसेंबरला ४८ अंशांवर. दीड मीटर उंचीच्या दक्षिणेकडील खिडकीवर तिच्या वरच्या कडेला लागून अर्धा मीटर छज्जा काढला, तर मार्चमधील दुपारी ती संपूर्ण सावलीत राहते. डिसेंबरमध्ये तेवढीच सावली हवी असेल तर छज्जा १.३५ मीटरचा लागतो. घरात हिवाळ्यातले ऊन हवेसे वाटते, पण माणसे, संगणक आणि दिव्यांनी भरलेल्या कार्यालयात डिसेंबरमध्येही वातानुकूलन चालू असते, त्यामुळे तेथे ते ऊनही बाहेरच थोपवावे लागते. यावर उपाय सोपा आहे. एकच लांब छज्जा काढण्याऐवजी एक वरच्या कडेला आणि दुसरा खिडकीच्या अर्ध्या उंचीवर, असे सुमारे ०.७ मीटरचे दोन छज्जे काढावेत. खालच्या छज्ज्याचा वरचा पृष्ठभाग पांढरा ठेवला तर त्यावरून परावर्तित झालेला उजेड छतावर पडून खोलीत आणखी आतपर्यंत जातो.

मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही छोटा छज्जा आणि बाजूला उभ्या पट्ट्या द्याव्यात. पश्चिमेकडे मात्र छज्जा निरुपयोगी आहे. चार वाजताचे तिरपे ऊन त्याच्या खालून सरळ आत येते. तेथे उभे लूव्हर (ओळीने लावलेल्या तिरप्या पट्ट्या), जाळीची भिंत किंवा खिडक्यांची संख्याच कमी, हेच उपाय चालतात. हडपसरचे 'सुझलॉन वन अर्थ' हे कार्यालय-संकुल ज्यांना जवळ आहे त्यांनी त्याच्या बाह्य भिंतींवरील अॅल्युमिनियमची लूव्हर नीट पाहावीत. या संकुलाला हरित इमारतींसाठी दिली जाणारी लीड प्लॅटिनम आणि 'गृह'ची पंचतारांकित, अशी दोन्ही मानांकने मिळाली आहेत.

ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, ही केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००७ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांची एकूण क्षमता) असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ती आहे. २०१७ च्या त्या संहितेच्या ठरावीक मापदंडांच्या मार्गाने जायचे असेल तर बाह्य भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा अधिक भाग खिडक्यांचा ठेवता येत नाही, आणि उत्तर वगळता इतर दिशांच्या काचेतून सूर्याची २७ टक्क्यांहून अधिक उष्णता आत येता कामा नये. माझ्या मते ४० टक्केही पुष्कळ झाले. पंचवीस-तीस टक्क्यांत उत्तम उजेड मिळतो. जमिनीपासून मेजाच्या उंचीपर्यंत, म्हणजे पाऊण मीटरपर्यंत लावलेली काच उपयोगी उजेड जवळजवळ देतच नाही, उष्णता मात्र पुरेपूर देते. नखशिखांत काचेची इमारत म्हणजे उन्हात काचा लावून उभी केलेली मोटार.

काच विकत घेताना विक्रेत्याकडून दोन आकडे लेखी मागावेत: उजेड किती आत येतो आणि उष्णता किती. पहिला आकडा जितका मोठा आणि दुसरा जितका लहान, तितकी काच चांगली. हे आकडे नुसत्या काचेचे नकोत, चौकटीसह संपूर्ण खिडकीचे हवेत, कारण अॅल्युमिनियमच्या साध्या चौकटीतून बरीच उष्णता शिरते. खिडक्या बसवताना चौकट आणि भिंत यांच्यातील फट सिमेंटने लिंपून गवंडी पुढे जातो. ते सिमेंट सुकल्यावर तेथे केसासारखी चीर राहते आणि पावसाळ्यात तिच्यातूनच दमट हवा आणि पाणी आत येते. या फटीत योग्य फोम आणि बाहेरून सीलंट भरले आहे की नाही, हे प्रत्येक खिडकीशी उभे राहून तपासले पाहिजे.

भिंत आणि गच्ची

एएसी ब्लॉकची (हवेची बारीक छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) २०० मिलिमीटरची भिंत विटेच्या भिंतीपेक्षा उष्णता बरीच अडवते, पण संहितेने उष्ण-दमट हवामानासाठी सांगितलेला ०.४० हा उष्णतावहनाचा (जितका लहान तितका चांगला) आकडा नुसत्या अशा भिंतीने सहसा गाठला जात नाही. बाहेरून उष्णतारोधक थर द्यावा लागतो, आणि तो आतून देण्यापेक्षा बाहेरून देणे बरे, कारण मग बीम आणि कॉलमही झाकले जातात.

गच्चीवर आपल्याकडे ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, करण्याची सवय आहे. कोबा जड असतो, दिवसभर तापतो आणि ती उष्णता संध्याकाळपर्यंत खाली सोडत राहतो. त्याऐवजी स्लॅबवर आधी पातळ उताराचा थर, त्यावर जलरोधक पडदा, त्यावर एक्सपीएसचे (उष्णतारोधक कडक फोमचे) फलक, त्यावर संरक्षक स्क्रीड (सिमेंट-वाळूचा पातळ थर) आणि सर्वांत वर पांढऱ्या चायना मोझॅकच्या फरशा, असा क्रम ठेवावा. जलरोधक पडदा फलकांच्या खाली राहिल्यामुळे त्याला ऊन-पावसाचा ताण बसत नाही आणि तो अधिक वर्षे टिकतो. गच्चीवर यंत्रांचे फाउंडेशन नंतर फोडून केले तर हा सगळा थर वाया जातो, म्हणून कूलिंग टॉवर आणि सौरपटलांचे खांब कोठे येणार हे स्लॅब टाकण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

वातानुकूलन

कार्यालयाच्या विजेचा मोठा वाटा वातानुकूलनात जातो, आणि सर्वाधिक पैसाही येथेच वाया जातो. दीडशे-दोनशे चौरस फुटांना एक टन असा ठोकळ हिशेब आजही अनेक सल्लागार धरतात. तो जुन्या काळातील जड संगणक, ट्यूबलाइट आणि उघड्या काचा गृहीत धरून आलेला आहे. आज लॅपटॉप आहेत, एलईडी आहेत, आणि वर सांगितल्याप्रमाणे सावली व उष्णतारोधन केले असेल तर भार कितीतरी कमी होतो. सल्लागाराने संगणकावर वर्षभराच्या तासागणिक हवामानानुसार भार काढून दाखवावा आणि त्यात गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट (माणसे, दिवे, संगणक, ताजी हवा) मालकाला समजावून सांगावी. 'खबरदारी म्हणून' वाढवलेला प्रत्येक टन पुढे चिलर (वातानुकूलनाचे पाणी गार करणारे यंत्र), पंप, केबल, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर या सगळ्यांचा आकार वाढवतो.

इन्फोसिसने हैदराबादच्या आपल्या आवारात एक उपयुक्त प्रयोग केला. एकाच इमारतीचे दोन सारखे अर्धे भाग केले. एका भागात नेहमीची, पण काटेकोरपणे आखलेली थंड हवेची व्यवस्था बसवली आणि दुसऱ्या भागात स्लॅबमध्ये घातलेल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवून खोली थंड केली. दुसऱ्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. हवेपेक्षा पाणी उष्णता सहज वाहून नेते, आणि नळ्यांतील पाणी चिलरच्या नेहमीच्या पाण्याइतके गार असावे लागत नाही, हे त्याचे कारण आहे. मात्र मुंबई किंवा कोकणपट्टीसारख्या दमट हवेत ही पद्धत वापरायची असेल, तर ताजी हवा आधी कोरडी करून आत सोडणे आणि इमारत घट्ट बंद असणे अनिवार्य आहे. अन्यथा पावसाळ्यात छताला पाणी सुटते. खिडक्या उघडण्याची सवय असलेल्या कार्यालयाने हा मार्ग घेऊ नये.

पद्धत कोणतीही असली तरी काही गोष्टी सर्वत्र लागू पडतात. पंप आणि पंख्यांना वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह लावावेत, कारण वेग ८० टक्क्यांवर आणला की विजेची गरज निम्म्यावर येते. पाइप एक माप मोठा घ्यावा आणि काटकोनी वळणे टाळावीत. व्यास थोडा वाढला तरी घर्षण झपाट्याने घटते आणि पंप लहान चालतो. दोन सारख्या मोठ्या चिलरऐवजी एक मोठा आणि एक लहान ठेवावा, म्हणजे शनिवारी अर्धे कार्यालय रिकामे असताना मोठे यंत्र अकार्यक्षमपणे चालवावे लागत नाही. तापमान २४ अंशांच्या खाली नेऊ नये. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. छताचे पंखे जोडीला दिले तर २६ अंशही सुखावह वाटतात, आणि कार्यालयात छताचा पंखा कमीपणाचा वाटण्याचे काही कारण नाही.

पाणी

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कार्यालयात माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतात, त्यांपैकी २० लिटर फ्लशसाठी. आपल्या उदाहरणातील इमारतीत २,००० माणसे बसली तर रोज ९०,००० लिटर झाले. याखेरीज कूलिंग टॉवरमधून चिलरच्या प्रत्येक टन-तासामागे सहा लिटरच्या आसपास पाण्याची वाफ होते. म्हणून फ्लश आणि कूलिंग टॉवर या दोन्हींसाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी वापरायचे, हे पहिल्या दिवसापासून ठरवून दुहेरी नळजोडणी करावी. नंतर भिंती फोडून ती होत नाही. कूलिंग टॉवरसाठी प्रक्रिया केलेले पाणी आणखी गाळून मृदू करावे लागते, आणि त्याची जागा व खर्च सुरुवातीलाच धरावा.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. २,००० चौरस मीटर गच्चीवर १४ लाख लिटर पाणी पडेल, त्यांपैकी सुमारे ११ लाख लिटर हाती लागेल. इमारतीची ती जेमतेम बारा दिवसांची गरज आहे आणि सगळे पाणी चार महिन्यांतच येते. त्यामुळे चार-पाच दिवस पुरेल एवढी टाकी बांधून उरलेले पाणी जमिनीत मुरवावे. बेसाल्टमध्ये नुसता खड्डा खणून त्यात गोटे भरल्याने पाणी मुरत नाही. भेगाळलेला थर कोठे आहे हे भूजलतज्ज्ञाकडून पाहून तेथेच गाळणीसह बोअर घ्यावे.

सिमेंट, कंत्राट आणि बांधकामाची जागा

सिमेंटच्या क्लिंकरसाठी (दळून सिमेंट करायच्या भाजलेल्या गोळ्यांसाठी) चुनखडी भाजताना इंधनाचा धूर तर होतोच, पण खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून क्लिंकर कमी करणे हाच मुख्य उपाय. महाराष्ट्रात कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ येथील औष्णिक केंद्रांची राख उपलब्ध आहे आणि भारतीय मानकानुसार पीपीसी सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतील मळी, चालते. अशा काँक्रीटला ताकद उशिरा येते. म्हणून राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) आणि खालच्या मजल्यांचे कॉलम, ज्यांवर पूर्ण भार यायला अनेक महिने लागतात, त्यांची ताकद २८ ऐवजी ५६ दिवसांनी तपासली जावी असे संरचना अभियंत्याच्या संमतीने निविदेतच लिहावे. हे कलम नसेल तर आरएमसीवाला (तयार काँक्रीट पुरवणारा) सुरक्षित बाजू म्हणून जास्तीचे सिमेंट घालतो आणि त्याचे पैसेही मालकच भरतो.

जागेवर काम सुरू होताना वरची पंधरा-वीस सेंटीमीटर माती वेगळी काढून झाकून ठेवावी. बागेसाठी पुढे तीच लागते. खोदकामातला मुरूम भरावासाठी तेथेच वापरावा. तोडफोडीचा राडारोडा, पोलाद, लाकूड आणि प्लास्टिक यांचे ढीग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, कारण एकदा मिसळले की ते कोणी वेगळे करत नाही. क्युरिंगसाठी (नवे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी) प्रक्रिया केलेले पाणी घ्यावे आणि कॉलमना गोणपाट गुंडाळून ते पाणी टिकवावे. मजुरांच्या वस्तीला स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि पाळणाघर देणे हा मानांकनाचा गुण मिळवण्यापुरता विषय नाही. ज्या इमारतीच्या बांधकामात माणसे हालात राहिली तिला पर्यावरणस्नेही म्हणणे मला पटत नाही.

'गृह', आयजीबीसी (भारतीय हरित इमारत परिषद) किंवा लीड यांपैकी एका मानांकनाची नोंदणी आराखड्याच्या वेळीच करावी. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनाच्या पातळीनुसार मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के वाढ मिळते. मानांकनाचा खरा उपयोग मात्र असा की त्यामुळे कागदपत्रे आणि चाचण्या वेळेवर होतात.

ताबा दिल्यानंतर

मजल्यागणिक, आणि वातानुकूलन, दिवे, लिफ्ट व सॉकेट यांसाठी वेगवेगळे वीजमीटर बसवावेत. भाडेकरूला वातानुकूलनाचे बिल चौरस फुटांच्या हिशेबाने न देता वापराच्या हिशेबाने द्यावे आणि भाडेकरारातच तसे नमूद करावे. बांधकाम करणाऱ्या कंत्राटदाराकडून पहिले वर्षभर, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पार पडेपर्यंत, यंत्रणा तपासून जुळवून देण्याची हमी घ्यावी आणि बिलाची काही रक्कम त्यासाठी राखून ठेवावी. देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मराठी आणि हिंदीत लिहिलेली कार्यपुस्तिका द्यावी. चिलर रूममध्ये रात्रपाळीला बसणारा ऑपरेटर जे वाचू शकत नाही ते तो पाळणारही नाही.

महिन्यातून एकदा रविवारच्या रात्री दोन वाजताचे मीटरचे वाचन मागवावे. त्या वेळी इमारतीत पहारेकरी आणि सर्व्हर वगळता कोणी नसते. तरीही कामाच्या दिवसाच्या पाव भागाहून अधिक वीज जात असेल, तर कोणत्या मजल्याचा ताज्या हवेचा पंखा, कोणता पंप किंवा तळघरातील कोणती दिव्यांची रांग चालू राहिली आहे, हे मजल्यांच्या मीटरवरून शोधून त्याच आठवड्यात टायमर दुरुस्त करून घ्यावा.